शेडवर बेदाणा काळा पडतोय? रॅक बघून कारण ओळखा

हिरव्या बेदाण्यासाठी द्राक्षं डिपिंगच्या, म्हणजे बुडवायच्या, द्रावणातून काढून शेडमधल्या रॅकच्या जाळीवर टाकली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत सगळं छान दिसतं. पाचव्या दिवशी मण्यांवर तांबूस झाक येते, दहाव्या दिवशी ती चॉकलेटी होते आणि सौद्यात तोच माल काळ्यात जमा होतो. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, पंढरपूर, विजापूर, सगळीकडे दर हंगामात ही तक्रार असते आणि त्यावरचे उपायही ठरलेले असतात: पुढच्या वेळी द्रावणातलं तेल बदला, पोटॅश (पोटॅशियम कार्बोनेट) वाढवा, शेवटी गंधकाची धुरी जास्त द्या. यातला एकही उपाय कारण समजल्याशिवाय करू नये, कारण पोटॅश वाढवल्यानं तर बऱ्याचदा माल आणखी बिघडतो.

रंग दिसतो पाचव्या दिवशी, पण तो ठरतो पहिल्या तीन-चार दिवसांत. द्राक्षाच्या सालीत पॉलीफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. मणी शाबूत असतो तोवर ते गप्प असतं. साल दुखावली, पेशी फुटल्या आणि हवा लागली की ते कामाला लागतं. कापलेलं सफरचंद तांबडं पडतं त्यामागेही हेच असतं. मण्यातलं पाणी कमी होऊन साखर घट्ट झाली की एन्झाइमचं काम मंदावतं. म्हणजे शर्यत सरळ आहे: पाणी लवकर निघालं तर रंग राहतो, रेंगाळलं तर जातो. म्हणून 'माल काळा का पडला' असं विचारण्याऐवजी 'पाणी कुठे अडलं आणि साल कुठे दुखावली' हे शोधायचं.

आता या पाण्याचा अंदाज घ्या. २२ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसाच्या गोडीचं माप) १०० किलो द्राक्षांत ढोबळमानानं २२ किलो साखर आणि इतर घन भाग असतो. १५ टक्के ओलाव्याचा बेदाणा करायचा तर वजन २६ किलोच्या आसपास यायला हवं. उरलेलं ७४ लिटर पाणी हवेत गेलं पाहिजे. शेडवर ४ टन माल असेल तर जवळपास ३ हजार लिटर. ते सालीवरच्या मेणातून बाहेर पडायचं आणि मग शेडमधल्या हवेनं उचलून न्यायचं. यातली कुठलीही एक वाट अडली की रंग गेलाच.

आधी रॅकभोवती फेरी मारा

तांबूसपणा कुठे आणि कसा आलाय यावरून निम्मं निदान होतं. त्यासाठी माल झाडायच्या, म्हणजे सुकलेले मणी देठापासून सोडवायच्या, आधी, जाळीवर असतानाच बघावं लागतं. झाडणी झाली की पुरावा संपला.

सगळी शेड सारखीच तांबूस असेल तर दोष डिपिंगच्या द्रावणात किंवा हवामानात. काही जाळ्या हिरव्या आणि काही तांबूस असतील, आणि तांबूस जाळ्या त्या दिवशीच्या शेवटच्या क्रेट्सच्या असतील, तर टाकीतलं द्रावण थकलं होतं. खालचे दोन-तीन मजलेच काळे असतील तर हवा तिथे फिरत नाही. पश्चिमेची कडच तेवढी तांबडी असेल तर दुपारचं ऊन आत येतंय. घड उलटून पाहिल्यावर बाहेरचे मणी हिरवे आणि आतले, देठाजवळचे काळे निघाले, तर घड मोठे राहिले आणि द्रावण आत पोचलंच नाही. एकेक मणी सुटा काळा, शेजारचा चांगला, असं असेल तर दोष शेडचा नाही. मणी बागेतूनच चिरलेला, उन्हानं भाजलेला किंवा क्रेटमध्ये दबलेला आला.

या निशाण्या एकत्रही येतात. तेव्हा जी सर्वांत जास्त जाळ्यांवर दिसेल तिच्यापासून सुरुवात करा.

डिपिंगचं द्रावण

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चालू प्रमाण असं: १ लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, म्हणजे आपलं डिपिंग ऑइल. ५०० लिटरच्या टाकीला साडेबारा किलो कार्बोनेट आणि साडेसात लिटर तेल. माल बुडवून ठेवायचा २ ते ४ मिनिटं. भूमध्य समुद्राकाठचे लोक लाकडाची राख आणि ऑलिव्ह तेल यांचं पाणी करून द्राक्षं त्यात बुडवत; आपलं द्रावण त्याचंच शुद्ध रूप आहे. काम एकच: मण्यावरच्या मेणाच्या थराची रचना सैल करून पाण्याला वाट देणं. साल फोडणं हे त्याचं काम नाही, आणि पोटॅश वाढवणारे नेमकं हेच विसरतात. जादा क्षारानं सालीला बारीक चिरा पडतात, रस पाझरतो, मणी चिकट होतो आणि एन्झाइमला आयतं रान मिळतं.

मिसळायचा क्रम महत्त्वाचा. आधी सगळं कार्बोनेट पाण्यात पूर्ण विरघळवा. मग बादलीत तेच द्रावण १०-१५ लिटर घ्या, त्यात तेल बारीक धारेनं ओतत जोरात घुसळा. दुधासारखं पांढरं झालं की टाकीत ओता आणि पुन्हा ढवळा. साध्या पाण्यात आधी तेल ओतलं, मग पावडर टाकली, तर तेल वर तरंगत राहतं. मग पहिल्या क्रेटला नुसतं तेल लागतं आणि पुढच्यांना नुसतं पोटॅश. तेलकट मण्यांना धूळ चिकटते, पुढे खवट वासही येतो.

पाण्याकडे कुणी बघत नाही. दुष्काळी पट्ट्यातलं बोअरचं पाणी जड असतं. त्या पाण्यातला कॅल्शियम द्रावणातल्या कार्बोनेटशी संयोग पावून पांढरा गाळ तळाला बसतो. म्हणजे तेवढं पोटॅश वाया गेलं आणि तेलाचं मिश्रणही फुटायला लागलं. परीक्षा सोपी आहे. पारदर्शक बाटलीत त्याच पाण्याचं, त्याच प्रमाणात १ लिटर द्रावण करा आणि तासभर न हलवता ठेवा. तासानंतरही ते एकसारखं दुधाळ राहिलं तर पाणी आणि तेल दोन्ही चालतील. वर तेलाचा थर आला किंवा खाली चुना बसला तर पाणी बदला. टँकरचं किंवा साठवलेल्या पावसाचं पाणी डिपिंगपुरतं परवडतं. तेलाचा नवा कॅन फोडलात तरी हीच परीक्षा. बाजारात तेलाचा दर्जा एकसारखा नसतो आणि लेबलवरून तो कळत नाही.

ताज्या द्रावणाचा सामू (pH) ११ च्या वर असतो. फुटलेल्या मण्यांचा आंबट रस टाकीत उतरतो तसा तो घसरतो. सामू बघायच्या कागदाच्या पट्ट्या मिळतात. दर तासाला एक पट्टी बुडवा. १० कडे झुकायला लागला की द्रावण टाकून द्या, त्यात नुसती पावडर घालून ते ओढत नेऊ नका. पातळी कमी झाली तर भरही त्याच प्रमाणाच्या द्रावणाचीच घालायची, साध्या पाण्याची नाही. संध्याकाळच्या क्रेट्स काळ्या पडण्यामागे बऱ्याचदा साध्या पाण्याची भर हेच कारण निघतं. द्राक्षं डिपिंगआधी धुतली असतील तर पूर्ण निथळू द्या. ओली क्रेट टाकीत गेली की द्रावण पातळ झालंच.

कपडे धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक सोडा पोटॅशऐवजी वापरू नका. कॉस्टिकनं तर हातमोज्याशिवाय काम करणाऱ्यांचे हातही भाजतात. कार्बोनेटचं द्रावणही त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतं, तेव्हा टाकीवर उभ्या असणाऱ्या माणसाला रबरी मोजे आणि चष्मा हवाच.

दुसरी फवारणी

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी जाळीवरच्या मालावर अर्ध्या ताकदीचं द्रावण फवारलं जातं: लिटरला साडेबारा ग्रॅम कार्बोनेट, साडेसात मिली तेल. डिपिंगमध्ये कोरडे राहिलेले आतले मणी इथे हाती लागतात. फवारणी सकाळी उरकावी म्हणजे संध्याकाळच्या आत माल कोरडा होतो. संध्याकाळी फवारलेला माल रात्रभर ओला राहतो आणि आपण जे टाळायला निघालो तेच करून बसतो. नोझल बारीक ठेवा आणि जाळीच्या खालूनही मारा. बहुतेक ठिकाणी वरूनच फवारलं जातं आणि मग घडाच्या पोटातले मणी तसेच राहतात.

घड छाटणी

डिपिंगच्या आधीची छाटणी मजुरी वाचवायला टाळली जाते, आणि झाडणीनंतर निवडणीला तिच्याहून जास्त मजुरी जाते. हत्यार एकच लागतं: मणी विरळायची निमुळत्या टोकाची कात्री, तीही धारदार. बोथट कात्री देठ कापत नाही, ओढते, आणि शेजारचा मणी देठाशी फाटतो. दिवसातून दोन-तीनदा कात्री गरम पाण्यात बुडवून पुसा, नाहीतर साखरेच्या चिकटपणानं पाती अडकतात.

कुजके, चिरलेले, भाजलेले, भुरीचे चट्टे असलेले आणि बारीक राहिलेले मणी काढा. मिलीबग (पिठ्या ढेकूण) लागलेला घड पूर्णच बाजूला ठेवा. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते आणि ती धुऊनही नीट जात नाही. मोठा घड पाकळ्यांवर तोडा, एकेक तुकडा साधारण पाव किलोच्या आत. असा तुकडा जाळीवर सपाट बसतो, द्रावण आतपर्यंत पोचतं. जाळीवर माल एकेरी टाका. तुकड्यांमधून खालची जाळी दिसली पाहिजे. शेडभाडं वाचवायला दुहेरी थर टाकणाऱ्याचं भाडं वाचतं आणि दर जातो.

तोडणी सकाळी लवकर, आणि तोडलेला माल त्याच दिवशी बुडवा. क्रेट काठोकाठ भरून वर दुसरी ठेवली की वरचे मणी दबतात. दबलेला मणी बाहेरून धडधाकट दिसतो आणि सहाव्या दिवशी एकटाच काळा पडतो. वेलाच्या उन्हाकडच्या बाजूचे पिवळे झालेले घड वेगळ्या क्रेटमध्ये भरा. त्यांचा हिरवा बेदाणा होणारच नाही. निदान बाकीच्या मालाचा रंग तरी बेमेळ दिसू नये.

गोडी

रिफ्रॅक्टोमीटरवर (गोडी मोजायच्या यंत्रावर) २२ ते २४ ब्रिक्स आल्याशिवाय तोडू नका. हिशेब बघा: १८ ब्रिक्सला १ किलो बेदाण्यासाठी जवळपास ४.७ किलो द्राक्षं लागतात, २२ ला ३.९ आणि २४ ला साडेतीन. कमी गोडीचा माल जास्त दिवस जाळीवर राहतो, म्हणजे एन्झाइमलाही जास्त दिवस मिळतात, आणि शेवटी पोचट, सुरकुतलेला मणी हाती येतो. तपासणी एका मण्यावर करू नये. वेगवेगळ्या वेलींचे, घडाच्या वरच्या, मधल्या आणि टोकाच्या भागाचे मिळून पन्नासेक मणी घ्या, एकत्र चुरडा, गाळा आणि मग थेंब टाका. टोकाचे मणी सहसा कमी गोड निघतात.

शेडची हवा

सावली हवी आणि वाराही हवा. उन्हात टाकलेला माल लवकर सुकतो पण हिरवा राहत नाही. पश्चिमेला शेडनेट पूर्ण खाली सोडा. पण चारही बाजू नेटनं आवळून बंद केल्या तर दमट हवा आतच कोंडते. खालचे मजले काळे पडत असतील तर शेडभोवतीचं गवत, रिकाम्या क्रेट्सच्या थप्प्या, उभी केलेली ट्रॉली हटवा. सर्वांत खालची जाळी जमिनीपासून किमान दोन फूट वर घ्या. शेडखालची जमीन ओली ठेवू नका. धूळ बसावी म्हणून पाणी मारण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, तेच पाणी रात्री खालच्या मजल्यावर चढतं. त्यापेक्षा जमिनीवर ताडपत्री अंथरा.

शेडमध्ये साधे आर्द्रता मीटर टांगा, एक वर आणि एक खाली. दोन्हींत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक दिसला की हवा फिरत नाही हे कळलं. तिथे पंखा लावा. रात्री दव पडत असेल तर सूर्यास्ताला पडदे सोडा आणि सकाळी बाहेरची आर्द्रता उतरली की लगेच उघडा. दुपारपर्यंत पडदे तसेच राहिले तर दवापेक्षा वाईट.

मार्च-एप्रिलच्या अवकाळीत वाऱ्याच्या बाजूचे पडदे घट्ट बांधा, पण उलटी बाजू थोडी उघडी ठेवा. पाऊस थांबला की सगळं उघडून पंखे चालू करा. माल भिजलाच असेल तर जाळी हलकेच हलवून पाणी झटका, मणी कोरडे झाल्यावर अर्ध्या ताकदीची फवारणी पुन्हा करा आणि दोन दिवस बुरशी शोधत फिरा. बुरशीचा एक तुकडा सापडला की आसपासची वीतभर जागाही रिकामी करा.

किती सुकला हे कसं ठरवायचं

चांगल्या हवेत १२ ते १५ दिवसांत माल तयार होतो. २० च्या पुढे गेला तर वरचं काहीतरी चुकलेलं आहे. अंदाजापेक्षा तराजू बरा. माल टाकताना ४ किलो द्राक्षं मोजून एका जाळीच्या पिशवीत पातळ पसरून मधल्या मजल्यावर ठेवा आणि रोज सकाळी वजन करा. गोडी २२ असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी वजन निम्म्याच्या आसपास यायला हवं. त्या दिवशी ते ३ किलो भरलं तर द्रावण किंवा हवा कमी पडतेय, आणि तेव्हा पंखे वाढवायला अजून वेळ असतो. देठाचं थोडं वजन धरून सव्वा किलोच्या खाली, १ किलोच्या जरा वर, स्थिर झालं की माल उतरवा.

हातानं तपासायचं तर दुपारचा गरम बेदाणा हातात घेऊन ठरवू नका, गरम मणी मऊच लागतो. मूठभर माल अर्धा तास सावलीत गार करा, मुठीत दाबा आणि सोडा. मणी सुटे झाले, हाताला रस लागला नाही, तर झालं. शंका असेल तर मूठभर मणी पारदर्शक पिशवीत हवा काढून बांधा आणि तासभर उन्हात ठेवा. आतून वाफ धरली तर अजून ओलावा आहे. १३ ते १६ टक्के ओलावा बरोबर. १८ च्या वर बुरशी आणि साखर सुटण्याचा धोका, १२ च्या खाली मणी टणक होतो आणि वजनही जातं.

झाडणी, धुरी आणि साठवण

झाडणी भर दुपारी करा. तेव्हा देठ कडक असतात, मण्यापासून कट्कन तुटतात. सकाळी दव पिऊन ते चिवट होतात, मणी देठासकट येतात किंवा देठाशी साल फाटते. झाडलेला माल धुतला तर पुन्हा वरच्या ओलाव्यापर्यंत सुकवल्याशिवाय बॉक्समध्ये भरायचा नाही.

गंधकाची धुरी काळा माल हिरवा करत नाही. रंग थोडा उजळतो, पण साठवणीत गंधक उडत जाईल तसा तांबूसपणा परत वर येतो, आणि धुरीतून मालात उतरणाऱ्या सल्फाइटचं प्रमाण जास्त निघालं तर निर्यातदार सगळी लॉट परत करतो. धुरी द्यायची ती चांगल्या मालाचा रंग टिकवायला, आणि बंद खोलीत, माणूस बाहेर ठेवून. हा धूर फुप्फुसाला घातक आहे. दम्याच्या माणसाला त्या खोलीत झाडलोट करायलाही पाठवू नका.

भरलेले १५ किलोचे बॉक्स शीतगृहात ४ अंशांच्या आसपास ठेवतात. साध्या गोदामात मे महिन्याच्या उकाड्यात हिरवा बेदाणाही आपोआप तांबूस होतो. तिथे एन्झाइमचा संबंध नाही. साखर आणि अमिनो आम्लं यांची उष्णतेनं होणारी वेगळी क्रिया असते ती. शीतगृहातून काढलेला बॉक्स लगेच उघडला तर गार मण्यांवर हवेतलं पाणी धरतं, चिकटपणा येतो आणि पुढे साखरेचे पांढरे दाणे सुटतात. बॉक्स बंदच ठेवून रात्रभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

या वर्षीचा माल काळा पडलाच असेल तर तो हिरव्यात मिसळून खपवायचा विचार सोडा. दहा टक्के काळे मणी मिसळले की व्यापारी सगळ्या ढिगाचा दर काळ्याच्या बाजूनं धरतो. निवडून वेगळा केलेला काळा माल बेकरीवाले आणि मनुकेवाले घेतात, हिरव्याला त्याचा पूर्ण दर मिळतो. प्रत्येक लॉटच्या पहिल्या बॉक्सवर तोडणीची तारीख, ब्रिक्स, द्रावण बदलल्याची वेळ आणि शेडचा मजला पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढच्या हंगामात काळा माल कुठल्या मजल्यावरून आणि कुठल्या वेळच्या टाकीतून आला हे त्यावरून थेट कळतं.